भोपाळच्या कारखान्यातला कचरा हलवला. मातीत आणि भूजलात उरलेल्या विषाचे काय?

युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील बंद कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच पीथमपूर औद्योगिक वसाहतीत नेऊन जाळण्यात आला. त्यामुळे ती जागा आता स्वच्छ झाली असे म्हणता येईल का, आणि नसेल तर तिथली माती व भूजल शुद्ध करण्यासाठी काय करावे लागेल आणि त्याला किती काळ लागेल, असा प्रश्न आहे. बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यांच्या जमिनी आणि त्यांच्या आसपासच्या विहिरी तपासणे हेच माझे काम असल्याने उत्तर सविस्तर देत आहे. पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे: जागा स्वच्छ झालेली नाही. जो कचरा गेला तो छपराखाली ठेवलेला आणि वजन करून मोजता येईल असा होता. जे जमिनीत उतरले ते अजून तिथेच आहे, आणि ते काढण्याचे काम कितीतरी अवघड आहे.

गेलेल्या कचऱ्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. २००५ मध्ये गोळा करून ठेवलेला तो साठा वीस वर्षे नुसता पडून होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी चार आठवड्यांची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर सुमारे २५० किलोमीटरवरच्या पीथमपूरकडे निघाले. चाचण्या होऊन जूनअखेर सगळा कचरा भट्टीत जळाला. त्यात आवारातून उचललेली माती, रिॲक्टरमधले अवशेष, सेव्हिन हे कीटकनाशक व ते बनवताना वापरायचे नॅफ्थॉल यांचे अवशेष आणि अर्धवट तयार झालेले कीटकनाशक होते. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरली आणि तिच्या विल्हेवाटीचा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये दिलेल्या अहवालात कारखान्याच्या आवारात आणि लगत उपचार करावी लागेल अशी दूषित माती सुमारे ११ लाख टन असल्याचा अंदाज मांडला होता. म्हणजे गाजावाजा होऊन जे हलले ते त्या मातीच्या तीन हजारांत एक भागाहूनही कमी आहे, आणि या ११ लाख टनांत भूजल धरलेलेच नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, त्यामुळे भूजल दूषित झाले असे पुष्कळ लोक धरून चालतात. हा वायू पाण्याशी झपाट्याने अभिक्रिया पावतो आणि त्या रूपात जमिनीत टिकून राहत नाही. भूजलाचा प्रश्न त्या रात्रीच्या आधीचा आहे. कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून टाकाऊ रसायने, सांडलेला माल, ड्रम धुतलेले पाणी आवारातल्याच खड्ड्यांत जात राहिले. १९७७ च्या सुमारास कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी तळी बांधण्यात आली. त्यांच्या तळाशी प्लास्टिकचे अस्तर होते, पण अशा अस्तरांचे सांधे उकलतात आणि पाणी झिरपते, हा जगभरचा अनुभव आहे. पुढे दोन तळ्यांमधला गाळ तिसऱ्या तळ्यात एकत्र करून वर मातीचे आवरण घालण्यात आले. दुर्घटना घडली नसती आणि कारखाना साधेपणाने बंद पडला असता, तरी जमिनीची ही अवस्था झालीच असती. म्हणूनच हे उदाहरण केवळ भोपाळचे राहत नाही. आपल्याकडच्या जुन्या औद्योगिक वसाहतींमध्ये याच पद्धतीने माल हाताळला गेला आहे.

जमिनीत काय आहे, हे कळल्याशिवाय ते काढायचे कसे हे ठरत नाही. भोपाळच्या माती-पाण्यात वेगवेगळ्या तपासण्यांमध्ये कार्बारिल म्हणजेच सेव्हिन, अल्डीकार्ब, एचसीएच या जुन्या कीटकनाशकाचे समघटक, पारा, डायक्लोरोबेंझीन, क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड आढळले आहेत. यातल्या प्रत्येकाची चाल निराळी आहे. पारा आणि एचसीएच मातीच्या कणांना घट्ट धरून राहतात, त्यामुळे ते बहुतेक वरच्या थरात सापडतात आणि माती हाताळूनच त्यांचा निकाल लागतो. अल्डीकार्ब पाण्यात चांगले विरघळते आणि पाण्याबरोबर दूर जाते. सर्वांत त्रासदायक गट कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांचा. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक जड असते, म्हणून जमिनीवर सांडले की भूजलाच्या पातळीशी येऊन थांबत नाही. पाण्याला बाजूला सारत ते खाली जात राहते, चिकणमातीच्या एखाद्या थरावर साचते, त्या थराच्या उताराने सरकते आणि खडकाच्या फटींत शिरते. भूजल ज्या दिशेने वाहते तिच्या उलट दिशेलाही ते गेलेले सापडते, कारण त्याला उतार दाखवणारा थर वेगळा असतो.

त्यातच ते पाण्यात अत्यल्प विरघळते, लिटरला साधारण ८०० मिलिग्रॅम. हे ऐकून हायसे वाटते, पण पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेने घातलेली मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे विरघळण्याची क्षमता त्या मर्यादेच्या दीड लाख पटींहून जास्त आहे. हिशेब करून पाहावा: एक लिटर कार्बन टेट्राक्लोराइडचे वजन सुमारे १.६ किलो, आणि तेवढे द्रव्य ३० कोटी लिटरहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत बिघडवू शकते. ते सावकाश विरघळते, म्हणूनच ते अनेक दशके पुरते. जमिनीखाली अडकलेल्या या साठ्याला आम्ही स्रोत म्हणतो, आणि त्यातून विरघळून पाण्याबरोबर वाहत गेलेल्या पट्ट्याला प्लूम. विहिरीत जे सापडते ते प्लूममधले असते. स्रोत हाती लागला नाही, तर विहिरीचे पाणी कितीही शुद्ध केले तरी ते काम संपत नाही. शुद्धीकरणाच्या सगळ्या योजनांचे यशापयश या एका गोष्टीवर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

स्रोत शोधणे म्हणजे आवारात ठरावीक अंतरावर बोअर मारून नमुने घेणे नव्हे. आधी कारखान्याचा नकाशा, सांडपाण्याच्या वाहिन्या, टाक्यांच्या जागा, ड्रम कुठे धूत असत हे सारे जुळवावे लागते, आणि त्यासाठी जुन्या कामगारांशी बोलण्याला पर्याय नाही. पाळीवर काम केलेल्या माणसाला कोणता चेंबर नेहमी तुंबत असे आणि तुंबल्यावर पाणी कुठे सोडत असत, हे नेमके ठाऊक असते. ती माहिती कुठल्याही कागदावर नसते. ही माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या मुलाखती नोंदवून घेतल्या पाहिजेत. त्यानंतर बोअरिंग येते, आणि तिथे एक मोठा धोका असतो. वरच्या दूषित थरातून केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारी नळी) न घालता खोल बोअर नेला, तर खालच्या स्वच्छ जलधरापर्यंत, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरापर्यंत, आपणच वाट उघडून देतो. दूषित जागेशेजारच्या वस्तीत पाण्यासाठी मारलेल्या जुन्या बोअरवेल हेच काम वर्षानुवर्षे करत असतात. त्यामुळे वापरात नसलेल्या बोअर शोधून सिमेंट ग्राउटने बुजवणे हा शुद्धीकरणाचाच भाग समजावा.

महाराष्ट्रात, जिथे राज्याचा चार पंचमांश भाग बेसाल्टचा आहे, हे शोधकार्य आणखी अवघड होते. येथे पाणी मुरुमात, खडकाच्या सांध्यांत, दोन लाव्हाथरांमधल्या लाल बोलच्या (लाल मातकट थराच्या) आसपास आणि सच्छिद्र थरांत असते. दहा मीटर अंतरावरच्या दोन बोअरवेलपैकी एक कोरडी आणि दुसरी भरपूर पाण्याची असू शकते. वाळूच्या सलग थरासाठी लिहिलेली संगणकीय प्रारूपे अशा खडकाला जशीच्या तशी लावून काढलेले प्लूमचे सुबक नकाशे मी अहवालांत पाहतो तेव्हा चिंता वाटते. दुसरी आपल्याकडची खास बाब पावसाळ्याची. भूजलाची पातळी पावसाळ्यात कित्येक मीटर वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते; मधल्या मातीत अडकलेले रसायन दर वर्षी भिजते आणि पुन्हा पाण्यात उतरते. त्यामुळे मे महिन्यात एकदा नमुने घेऊन काढलेला निष्कर्ष अपुरा असतो. किमान उन्हाळा, पावसाळ्याची सुरुवात आणि पावसाळ्यानंतर अशा तिन्ही वेळचे नमुने हवेत. भोपाळच्या आवारात वरचा थर काळ्या चिकणमातीचा आहे, आणि अशी माती पाणी झिरपू देत नाही म्हणून भूजल सुरक्षित आहे, असा युक्तिवाद वेळोवेळी होतो. ओल्या काळ्या मातीपुरते ते खरे आहे. पण हीच माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दलही सांगायला हवे, कारण कित्येक निर्धोकपणाचे दाखले येथेच तयार होतात. क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड उडून जाणारे आहे. बादलीने पाणी ओढून प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरले आणि ती बाटली उन्हात दिवसभर गाडीत राहिली, तर प्रयोगशाळेचे यंत्र कितीही उत्तम असले तरी अहवालात काही आढळले नाही असेच येणार. पाणी मंद गतीच्या पंपाने काढून, ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत हवेचा बुडबुडाही न ठेवता भरून, बर्फात प्रयोगशाळेपर्यंत पोचवावे लागते. एखाद्या जागेचे पाणी शुद्ध असल्याचा अहवाल कोणी दाखवला, तर आकड्यांच्या आधी नमुना कोणत्या खोलीवरून, कोणत्या महिन्यात आणि कशात भरून घेतला हे विचारावे.

आता प्रत्यक्ष उपचार. मातीसाठी सर्वांना पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे खणून बाहेर नेणे. ११ लाख टन माती प्रत्येकी २० टनांच्या ट्रकमधून न्यायची तर ५५ हजार फेऱ्या होतात, आणि ती उतरवायची कोणाच्या गावात हा प्रश्न उरतो. ३३७ टनांसाठी जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरच्या रहिवाशांनी जो तीव्र विरोध केला तो समजण्यासारखा होता. म्हणून माझ्या मते अतिदूषित ठिकाणांची तेवढी माती खणून काढावी आणि तिच्यावर जागेवरच उपचार करावा: कीटकनाशके व द्रावके असलेल्या मातीला बंद यंत्रणेत तापवून त्यांची वाफ पकडणे, पारा असलेली माती धुऊन बारीक कण वेगळे करणे, आणि उरलेल्या सौम्य दूषित मातीसाठी आवारातच दुहेरी अस्तराचा, गळती मोजण्याची सोय असलेला सुरक्षित भराव. यातले काहीही स्वस्त नाही, पण निदान आपले विष दुसऱ्याच्या दारात जात नाही.

कोणत्या पातळीपर्यंत माती शुद्ध करायची, हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण त्यात समाजाचा वाटा मोठा असतो. तमिळनाडूतल्या कोडईकनालचा थर्मामीटर कारखाना याचे चांगले उदाहरण आहे. हिंदुस्तान लिव्हरचा हा कारखाना पारामिश्रित काचेचा भंगार साठा उघडकीस आल्यानंतर २००१ मध्ये बंद झाला आणि २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा अमेरिकेला परत पाठवण्यात आला. पण आवारातल्या मातीचा वाद त्यानंतर दीड दशकाहून अधिक चालला, कारण मातीत किलोला २० मिलिग्रॅम पारा राहू देण्याचे उद्दिष्ट ठरले होते. जागा पांबार शोला जंगलाच्या वरच्या उतारावर असल्याने हे उद्दिष्ट फार सैल आहे, असे स्थानिक कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. ब्रिटनमध्ये निवासी जागेसाठी धातुरूप पाऱ्याचे मार्गदर्शक मूल्य किलोला १ मिलिग्रॅम आहे, याकडे ते बोट दाखवत. कडक उद्दिष्ट ठेवले तर अधिक खणावे लागते, झाडे जातात आणि धूप होते, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही. मात्र असा तोल साधायचा असेल तर तो त्या उताराखाली राहणाऱ्यांना सोबत घेऊन साधला पाहिजे. सल्लागाराने कार्यालयात बसून ठरवलेला आकडा टिकत नाही आणि टिकूही नये.

भूजलाकडे वळताना अमेरिकेच्या अनुभवापासून सुरुवात करणे योग्य. पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती उभी राहिलेल्या लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर १९८० मध्ये तिथे दूषित जागांच्या शुद्धीकरणासाठी सुपरफंड कायदा झाला आणि शेकडो ठिकाणी पाणी उपसून, सक्रिय कार्बन किंवा हवेच्या मनोऱ्यातून शुद्ध करण्याचे काम सुरू झाले. १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट मोजक्याच ठिकाणी गाठले गेल्याचे दिसले. सुरुवातीला पाण्यातले प्रमाण झपाट्याने उतरते, मग एका पातळीवर अडते, आणि पंप बंद केला की पुन्हा चढते. कारण वर्षानुवर्षे दूषित पाणी शेजारून वाहत असताना रसायन चिकणमातीत आणि खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. फटींतले पाणी स्वच्छ झाले की ते हळूहळू बाहेर येऊ लागते. उपसा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ घेऊ नये. प्लूम वस्तीकडे सरकू नये यासाठी तो उत्तम कुंपण आहे; त्याच्याकडून पूर्ण शुद्धीची अपेक्षा करणे मात्र चूक आहे.

म्हणून गेल्या तीस वर्षांत स्रोतावरच जमिनीच्या आत उपचार करण्याच्या पद्धती पुढे आल्या. येथे नेमके रसायन माहीत असणे किती गरजेचे आहे ते पाहा. परमँगनेट हे ऑक्सिडीकारक रसायन जमिनीत सोडण्याची पद्धत ट्रायक्लोरोएथिलीन या दुसऱ्या क्लोरीनयुक्त द्रावकावर उत्तम चालते, कारण त्याच्या रेणूतला कार्बनचा दुहेरी बंध तोडता येतो. कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्ममध्ये तो बंधच नाही, त्यामुळे तिथे परमँगनेट ओतणे म्हणजे पैसे जमिनीत ओतणे. लोखंडाच्या चुऱ्याची भिंत प्लूमच्या वाटेत उभारली तर कार्बन टेट्राक्लोराइडचे क्लोरोफॉर्म आणि पुढे डायक्लोरोमिथेन होते, पण तिथे क्रिया अडते. पुढच्या टप्प्यासाठी जिवाणूंची जोड द्यावी लागते. जिवाणूंच्या साहाय्याने ट्रायक्लोरोएथिलीन मोडतानाही वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होते, जे मूळ पदार्थापेक्षा अधिक घातक आहे, आणि योग्य जातीचे जिवाणू नसतील तर क्रिया नेमकी तिथेच थांबते. शिवाय द्रव स्वरूपातले कोणतेही औषध चिकणमातीत शिरत नाही. ते सोप्या वाटेने वाळूत निघून जाते. चिकणमातीत अडकलेल्या द्रावकांसाठी विजेने जमीन तापवून वाफ ओढून घेणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि तोच सर्वांत खर्चिक आहे. भोपाळसारख्या ठिकाणी, जिथे कीटकनाशके, पारा आणि द्रावके एकाच आवारात आहेत, एका पद्धतीने सगळे सुटेल असे सांगणाऱ्या निविदेवर विश्वास ठेवू नये.

किती काळ लागेल? तपास नीट करायला दोन ते तीन पावसाळे, मातीवरच्या उपचाराला पाच ते दहा वर्षे, आणि भूजल पिण्यायोग्य होण्यास स्रोत काढल्यानंतरही काही दशके, असे मी धरून चालेन. ज्यांच्या घरात आज लहान मुले आहेत त्यांना हे उत्तर पुरेसे नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून इतर काहीही सुरू होण्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत: दूषित हातपंप व बोअरवेल कायमच्या बंद करणे, आणि बाहेरून नळाने खात्रीचे पाणी देणे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कारखान्यालगतच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला तो याच कारणासाठी. दूषित पाण्याचा पट्टा सरकत असल्याने ही वस्त्यांची यादी दर वर्षी तपासून वाढवावी लागते. एकदा जोडणी दिली की काम संपले, असे येथे होत नाही. आणि पाइपलाइन आली म्हणून शुद्धीकरण मागे पडता कामा नये, जे दुर्दैवाने फार ठिकाणी घडते.

खर्च कोणी करायचा, यावर कायदा आता अधिक स्पष्ट आहे. २४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसायचा, अशी त्यांची रचना आहे. जबाबदार व्यक्ती वा कंपनी सापडत नसेल किंवा तिची ऐपत नसेल, तर सरकारी निधीतून काम होईल. नियम येईपर्यंत देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली होती आणि त्यातल्या केवळ सातांवर काम सुरू झाले होते. भोपाळच्या बाबतीत युनियन कार्बाइड ही मूळ अमेरिकी कंपनी २००१ मध्ये डाऊ केमिकलच्या मालकीची झाली आणि जमीन त्याआधीच राज्य सरकारकडे परत आली होती. जबाबदारीचा वाद त्यामुळे गुंतागुंतीचा आहे, पण त्याचा निकाल लागेपर्यंत तपास थांबवण्याचे काहीच कारण नाही. आधी खर्च करून नंतर वसुली करण्याची तरतूद अशाच प्रसंगांसाठी असते.

जे लोक आपल्या गावातल्या बंद कारखान्याबद्दल अर्ज करू इच्छितात, त्यांनी केवळ कचरा हटवा अशी मागणी करू नये. जमिनीखालचा स्रोत कुठे आणि किती खोल आहे याचा अहवाल, तो ज्यावर आधारला त्या प्रत्येक बोअरची थरनोंद, आणि निरीक्षण विहिरींची सर्व हंगामांतली मूळ आकडेवारी मागावी. उपचार संपल्याचे जाहीर झाल्यावर त्या विहिरी बुजवू देऊ नयेत, कारण पंप थांबल्यावर प्रमाण पुन्हा चढते का, हे पुढच्या पाच-सहा पावसाळ्यांतच कळते. त्या वर्षांच्या तपासणीचा खर्च पहिल्याच निविदेत धरलेला असला पाहिजे. काम संपल्यावर त्यासाठी वेगळा निधी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.